फाल्गुनातली लाल पालवी : कास ते सागरेश्वर

ऑक्टोबर लागला की मोबाइलवर काश्मीरच्या चिनारांचे फोटो यायला लागतात आणि पाठोपाठ ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, आपल्या महाबळेश्वराकडं असे रंग कधी दिसतात? ऑक्टोबरात नाहीच दिसत. तेव्हा सह्याद्री नुकताच पावसातून बाहेर आलेला असतो, झाडांच्या मुळाशी भरपूर ओल असते, पानं टाकायची त्यांना काही गरज नसते. थंड मुलखात दिवस लहान होत गेले की पानातलं हरितद्रव्य मोडतं, आतला पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडं तर पान गळायच्या आधी लाल रंग नव्यानं तयार करतात. आपल्या झाडांना चिंता थंडीची नाही, पाण्याची. त्यामुळे इथली पानगळ पौष-माघात, जमीन सुकू लागल्यावर. आणि डोंगर लाल होतो तो बहुतेक जुन्या पानांनी नाही, तर नव्या पालवीनं. महाशिवरात्र ते गुढीपाडवा एवढाच त्याचा मोसम. कासच्या फुलांसाठी लोक रांगा लावतात. या पालवीसाठी कुणी मुद्दाम घराबाहेर पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यंदा होळीच्या आधीचे काही दिवस मी याच कामासाठी राखून ठेवले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा रंग सगळ्यात चांगला कुठं दिसतो, ते डोळ्यांनी पाहून ठरवायचं. सोबत मामा. वनखात्यात गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी कोयना-चांदोलीच्या जंगलात झाली. मला झाडांची नावं पुस्तकातून माहीत, त्यांना सालीवरून.

गुरुवार : सातारा, कास, बामणोली

रंग बघायला डोंगरातच जावं लागतं असं नाही, याची खूण साताऱ्यातच मिळाली. शाळांच्या आवारात, कॉलन्यांच्या कडेला देशी बदामाची झाडं असतात. आडव्या पसरलेल्या फांद्यांची, मोठ्या पानांची. थंडी सरता सरता त्यांची पानं गळायच्या आधी लालभडक होतात. परदेशातल्या पानगळीच्या सगळ्यात जवळ जाणारा रंग आपल्याकडे या बदामाचा, आणि तो रोज झाडून गोळा करून पेटवून दिला जातो.

यवतेश्वरचा घाट चढताना उघड्या उतारावर काटेसावर फुललेली होती. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं. खालच्या झुडपांत धायटीच्या बारीक लाल नळ्या. कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, मात्र काहीही नव्हतं. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम पातळ थर, त्यात झाड धरत नाही. सप्टेंबरात जिथं पाय ठेवायला जागा नसते तिथं वाळलेलं गवत आणि वारा. तलावाच्या कडेच्या रानात अंजनी फुलली होती. फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके, इतके दाट की फांदी दिसेना. सुंदर होतं, पण हे सदाहरित रान. ते एकदम पानं टाकत नाही, त्यामुळे एकदम लालही होत नाही. महाबळेश्वरच्या माथ्याचीही तीच गत; अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडं बारमाही हिरवी. जांभळाचे शेंडे तेवढे तांबूस होतात. म्हणूनच महाबळेश्वर मी वाटेतून वगळलं होतं.

खरी सुरुवात कास सोडून बामणोलीकडं उतरायला लागल्यावर झाली. रस्ता एका वळणावर घळीत शिरतो. तिथं अख्खं झाड लाल.

"कोशिंब," मामा म्हणाले.

मी रस्त्यावरनंच फोटो काढायला लागले. मामांनी हाक मारली, "अगं, वरनं काय बघतीस? खाली उतर. झाडाखाली जा आन् उन्हाकडं तोंड कर."

खाली गेले. रस्त्यावरून जो रंग तपकिरीकडं झुकलेला लाल वाटत होता, तो खालून बघताना पेटला. कोकमाचं आगळ काचेच्या ग्लासात घालून उन्हात धरावं, तसा. पानाची एकेक शीर दिसत होती. एका देठावर पानांच्या दोन-तीन जोड्या, टोकाकडची पानं मोठी आणि बुडाकडची लहान. बोटांत धरलं तर इतकं मऊ की मुडपायची भीती वाटावी. त्याच फांदीवर जरा जुनी पानं तांब्याच्या रंगावर आली होती, त्याहून जुनी पोपटी. फांदीच्या टोकापासून बुडाकडं येताना पालवीचं सगळं वय वाचता येत होतं. पालवीतूनच बारीक हिरवट-पिवळ्या फुलांचे तुरे निघाले होते आणि त्यावर मधमाश्यांचा नुसता गलबला.

हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं आणि फाल्गुनातलं ऊन तर कडक. तोपर्यंत हा रंग पानावर सावली धरतो. पान भरलं, राठ झालं की रंग उतरतो. बरं, पाणी नसताना, सगळं रान तापलेलं असताना झाडं पालवी का काढतात? पावसाचा पहिला थेंब पडेल तेव्हा पान तयार असावं म्हणून. खोल गेलेली मुळं, खोडात राखून ठेवलेलं पाणी यांच्या जोरावर ती आधीच कामाला लागतात. शिवाय या दिवसांत पानं खाणाऱ्या किड्या-अळ्यांची संख्याही कमी असते. आषाढात जी हिरवाई आपण पावसाच्या नावावर मांडतो, तिची तयारी झाडांनी फाल्गुनात केलेली असते.

रात्री बामणोलीत मुक्काम. नाचणीची भाकरी, पिठलं, खरडा. घरच्या मावशींना कोशिंबाचं विचारलं तर त्या फळाबद्दल बोलू लागल्या. आंबट असतात, पोरं खातात, बियांचं तेल पूर्वी दिव्याला नि अंगाला लावायला काढायचे. पालवी लाल असते याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. दर साली होते.

शुक्रवार : वासोटा

वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी, ओळखपत्र आणि लाँच हे सगळं बामणोलीतच जमवावं लागतं, आणि अंधाराच्या आत परत यावं लागतं. किल्ला कोयना अभयारण्यात आहे. मुक्कामाला बंदी आहे ती योग्यच आहे.

शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, लाँच निघाली तेव्हा पाण्यावर अजून धुकं होतं. पलीकडचा डोंगर हळूहळू उलगडत गेला. या अंतरावरून झाडं ओळखायची मामांची रीत बघण्याजोगी. पांढरट फाटे दिसले की "नाणा", काळपट उभं खोड दिसलं की "ऐन", माथ्यावर गंजलेला तपकिरी रंग राहिला असेल तर "किंजळ, फळं वाळल्यात." मग मध्येच एखादा लाल ठिपका. तो काय, हे विचारायला लागत नव्हतं.

मेट इंदवलीला उतरून चालायला लागलो. सुरुवातीच्या पानगळीच्या रानात पाचोळा पोटरीपर्यंत. तिथं एका नाण्याखाली मी बराच वेळ बसले, कारण जे शोधायला आले होते त्याच्या दोन्ही बाजू तिथं एकत्र होत्या. नाण्याची जुनी पानं गळायच्या आधी तांबडी होतात आणि याच्या खालच्या फांद्यांवर ती अजून टिकून होती. दहा पावलांवर कोशिंब. दोन्हीकडचं एकेक पडलेलं पान उचलून तळहातावर ठेवलं. नाण्याचं पान जाड, कडा तपकिरी, अंगावर काळे डाग, किड्यांनी पाडलेली भोकं, रंग विटेकडं झुकलेला. उजेडाकडं धरलं तरी आरपार काही दिसत नाही. कोशिंबाच्या पानाला डाग नाही, भोक नाही, आरपार उजेड. लाल दोन्ही. एकाचा हिशेब मिटलेला, दुसऱ्याचा उघडायचा. मामा उभ्या-उभ्याच म्हणाले, "जुनं पान टाकताना झाड त्यातलं कामाचं आधी काढून घेतं. मगच सोडतं." हे खरं आहे. नत्र, स्फुरद अशी द्रव्यं पान गळण्याआधी झाड परत फांदीत ओढून घेतं, देठाशी एक पडदा धरतो आणि पान सुटतं. पाचोळ्यात उरतं ते मातीच्या वाट्याचं.

वरचा निम्मा रस्ता दाट सावलीचा. थंड, काळोखा, सुखाचा. रंगाच्या हिशेबानं मात्र तिथं काही नाही. शेकरूचं घरटं दिसलं, शेकरूही दिसलं. या फांदीवरून त्या फांदीवर जाताना शेपूट मागे राहून मग पोचत होतं.

माथ्यावरून पश्चिमेला बघायचं. बाबूकडा आणि त्याच्या खाली कोकणात उतरत गेलेलं जंगल. इथं झाडांच्या डोक्यावरून खाली बघता येतं. हिरव्यात तांबूस, तांबूसात पोपटी, मधेच पानगळीची राखाडी झाडं, कड्याच्या कपारीत पायरीच्या झाडाची गुलाबी पालवी. एवढा मोठा पट दुसरीकडं कुठं दिसला नाही. पण दुपारचं बाराचं ऊन होतं, सगळे रंग विटलेले. सकाळी इथं पोचता येत नाही, संध्याकाळी थांबता येत नाही. वासोट्याची ही अडचण कायमची आहे.

शनिवार : उंब्रज, पाटण, कोयनानगर

बामणोलीहून परत साताऱ्याला येऊन महामार्गानं उंब्रज आणि तिथून मल्हारपेठ, पाटण. बांधाबांधावर पळस फुललेला. त्यावर पळसमैनांचे थवे, बुलबुल, कोतवाल, मधासाठी नुसती भांडणं. पळसाची वाहवा सगळेच करतात, म्हणून इथं थांबत नाही.

पाटणच्या पुढं डोंगर काळे दिसायला लागले. वणवा. एका उताराला तर अजून धूर होता. मामा गाडी थांबवायला सांगून खाली उतरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीतले फाल्गुन-चैत्र याच कामात गेले. पानगळ झाली की आधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठरलेल्या रुंदीचा पट्टा साफ करून त्यातलं गवत-पाचोळा आपणच ताब्यात ठेवून जाळायचा, म्हणजे पुढून आलेल्या आगीला खायला काही उरत नाही. तरी आग यायचीच. मग हिरव्या डहाळ्यांनी झोडपत रात्र काढायची.

हे वणवे आपोआप लागत नाहीत. गवत जाळलं की पुढं कोवळं गवत चांगलं येतं हा समज, मध काढताना केलेला धूर, बांध पेटवून दुर्लक्ष, फेकलेली विडी. कोवळं गवत लवकर दिसतं हे खरं आहे, पण उघड्या उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते, हेही तितकंच खरं आहे. ऐनासारख्या जाड सालीचं मोठं झाड आग सोसतं. हातभर उंचीचं कोशिंबाचं रोप सोसत नाही. मोठी कोशिंबं दिसतात आणि त्यांच्याखाली पोरवय दिसत नाही, असे उतार मी त्या दिवशी किती तरी पाहिले. लाव्यांची, तित्तरांची घरटी जमिनीवर असतात, ती वेगळीच. पालवी बघायला येणाऱ्या माणसानं एवढं तरी करावं की या दिवसांत डोंगरात चूल, शेकोटी, सिगारेट काही पेटवू नये, आणि धूर दिसला तर जवळच्या गावात नाहीतर वनखात्याला लगेच सांगावं. पाचोळा पेटायला ठिणगी पुरते.

कोयनानगरला जेवून हेळवाकवरून कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. आणि मला जे हवं होतं ते इथं मिळालं.

घाटमाथ्यावर उभं राहिलं की डोंगर आपल्यापासून पश्चिमेला उतरत जातो. सूर्य समोर, कललेला. म्हणजे खालच्या सगळ्या झाडांच्या पानांतून उजेड आपल्याकडं येतो. बामणोलीच्या वाटेवर मामांनी मला झाडाखाली उभं करून एका झाडात दाखवलं, तेच इथं अख्ख्या उताराला लागू होतं. कोशिंब जागोजाग पेटलेले. जांभळाचे शेंडे तांबूस. पिंपळाची पालवी गुलाबी, आणि देठ लांब असल्यामुळे वारा नसतानाही हलणारी. पांगाऱ्याची फुलं वेगळ्याच शेंदरी लालीची, फांद्यांच्या टोकाला. मध्ये मध्ये काहीच न आलेला ऐन, त्याच्या राखाडी फांद्यांमुळे शेजारचा लाल आणखी उठत होता. साडेपाचच्या सुमाराला रंग सगळ्यात गडद, त्यानंतर धुरकट होत गेला. ट्रकची वर्दळ खूप आहे, वळणावर गाडी लावू नये. मोकळी जागा बघून लावावी आणि कठड्याच्या आतनं बघावं.

उंचीचं गणितही इथंच नीट लक्षात आलं. माथ्यावर सदाहरित रान, तिथं रंग नाही. अगदी खाली शेती, लावलेला साग, तिथं पानगळ झालेली पण पालवीला अजून अवकाश. रंग मधल्या पट्ट्यात असतो, घाटाच्या अंगाखांद्यावर, ओल धरणाऱ्या घळींत. घाटवाट जिथं जिथं उतरते तिथं तिथं हा पट्टा लागतो.

रविवार : चांदोली

कराड, उंडाळे, शेडगेवाडी, कोकरूड, आरळा करत वारणावती. वारणेच्या वसंतसागर जलाशयाभोवतीचं हे जंगल 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. कास, कोयना, चांदोली यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला तो 2012 मध्ये. नाक्यावर नोंद करून, ठरलेल्या गाडीनं, ठरलेल्या रस्त्यानंच जायचं.

रंगाच्या मापात चांदोली कुंभार्लीच्या मागं राहील, कारण इथलं रान जास्त हिरवं आहे. पण इथं एक गोष्ट वेगळी आहे. धरणामुळे आणि पुढं जंगल राखायचं म्हणून इथली गावं उठवून दुसरीकडं वसवली. घरं गेली, जोती राहिली. त्या जोत्यांभोवती लोकांनी लावलेली झाडं अजून उभी आहेत: आंबा, फणस, देवळापाशी पिंपळ. बाकी रान हिरवं असताना अशा जागी एकदम तांबूस पालवीचा पुंजका दिसतो. आंब्याची पालवी कोशिंबाइतकी लाल नसते. तपकिरी-जांभळट, लोंबती, तकतकीत. मामा लांबूनच सांगायचे, "त्या आंब्यापाशी गाव हुतं."

एका जागी गाडी जरा थांबली. चार दगडांचा उंबरा, आत माणूसभर उंच झुडपं, आणि परसाच्या जागी आंबा पालवलेला. मामांनी त्या घरी ताक प्यायलं होतं. घरातली माणसं आता वारणाकाठी कुठल्याशा वसाहतीत असतात, अधूनमधून भेट होते, आणि भेटले की आंब्याला मोहोर आला का असं विचारतात म्हणे. यंदा आला होता. मामांनी मोबाइलवर फोटो काढला आणि मला तीनदा विचारलं, मोहोर नीट दिसतोय ना.

जंगल राखायला हवं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते राखलं गेलं ते कुणाच्या तरी उंबऱ्यावर, हे इथल्या पालवीकडं बघताना विसरू नये.

सोमवार : सागरेश्वर

शिराळा, पेठ नाका, ताकारी, आणि मग यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. गावाला लागूनच सागरेश्वर. दोन दिवसांपूर्वी घाटमाथ्यावर होतो आणि आता दुष्काळी पट्ट्याच्या उंबरठ्यावर. हे अभयारण्य माणसांनी लावलेलं आहे. उघडाबोडका डोंगर होता, त्यावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या धडपडीतून झाडं लागली, हरणं आली. आज चितळ, सांबर सहज दिसतात.

रंग? खरं सांगायचं तर कमी. पाऊस कमी म्हणून इथं पानं लवकर गळतात, आणि पालवी जपून येते. वरच्या टोकावरून एका अंगाला कृष्णाकाठचा हिरवा ऊस, दुसऱ्या अंगाला करडं रान. पण खाली देवळांच्या वाटेला कडुनिंबाला पालवी फुटायला लागली होती. पाडव्याला आपण गुळाबरोबर खातो तीच कोवळी पानं, शेंड्याला चक्क तांबडी. दरवर्षी हातात घेऊन खाल्ली, रंगाकडं कधी लक्ष दिलं नव्हतं.

तर पुढच्या फाल्गुनात कुणाला एकच दिवस काढता येत असेल, तर कराड किंवा पाटणला दुपारचं जेवण करून चार वाजता कुंभार्लीच्या माथ्यावर पोचावं. दोन दिवस असतील तर आदल्या दिवशी सकाळी कास ते बामणोली उतरावं, गाडी सावकाश चालवत. महाशिवरात्रीनंतरचा आठवडा ते होळी, या बेतानं जावं. पाडव्यापर्यंत कोशिंब पोपटी झालेला असतो. थंडी लांबली तर आठवडाभर पुढं-मागं होतं, म्हणून निघण्याआधी बामणोली-हेळवाककडं ओळखीचं कुणी असेल त्यांना फोन करून विचारावं, कोशिंब लाल झाला का. मामा म्हणतात, एवढ्यावर कुणीही सांगेल.